पन्नास वर्षांनी आलेले आभार

कोल्हापूरजवळची वळिवड्याची पोलिश छावणी १९४८ च्या सुरुवातीला रिकामी झाली. तिथे राहून गेलेल्या माणसांचा आठवण-स्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात उभा राहिला तो १९९८ मध्ये. मधे अर्धं शतक गेलं. ज्या मुलखाने पाच वर्षं सांभाळलं, त्याचे जाहीर आभार मानायला पन्नास वर्षं का लागावीत, हा प्रश्न या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त अडवून धरतो. त्यांना विसर पडला होता म्हणावं, तर तसंही नाही. भारतात राहून गेलेल्या पोलिश लोकांचं लंडनमध्ये मंडळ होतं. एव्हाना पिकल्या केसांची झालेली ही ‘मुलं’ एकमेकांना भेटत, आठवणी लिहून काढत, आणि २००० साली त्यांनी त्या आठवणींचा आणि कागदपत्रांचा जाडजूड ग्रंथही काढला. आभार मनात होते, ते मोठ्याने म्हणण्याची सोय मात्र बराच काळ नव्हती. ती का नव्हती हे कळण्यासाठी, ही माणसं मुळात पंचगंगेच्या काठी आलीच कशी, तिथून सुरुवात करावी लागते.

पोलंडवर १ सप्टेंबर १९३९ रोजी पश्चिमेकडून जर्मनीने हल्ला केला, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. त्यानंतर सोळा दिवसांनी पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आत शिरल्या, हे मात्र आपल्याकडे बहुधा एका ओळीत आटोपतं. वळिवड्याची गोष्ट त्या एका ओळीतून सुरू होते.

पूर्व पोलंड हाती आल्यावर सोव्हिएत राजवटीने तिथली नकोशी वाटणारी माणसं उचलायला सुरुवात केली. माजी सैनिक, त्यांना मिळालेल्या जमिनी कसणारी कुटुंबं, वनरक्षक, शिक्षक, पोलीस, सरकारी नोकर. पहिली मोठी धरपकड १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री झाली, ऐन थंडीत. मग एप्रिलमध्ये, जूनमध्ये आणि शेवटची १९४१ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर. रात्री दारावर थाप, हाताला लागेल ते गाठोड्यात, आणि मग मालगाडीच्या डब्यात आठवडेच्या आठवडे. कुणाला उत्तरेला अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकूडतोडीला धाडलं, कुणाला सैबेरियात, कुणाला कझाकस्तानच्या उघड्या माळावर सामुदायिक शेतांत. अनेक घरांतले कर्ते पुरुष आधीच वेगळे काढून तुरुंगात डांबले होते. उरलेल्या बायकांनी आणि पोरांनी कुऱ्हाड चालवायची, तेव्हा कुठे दिवसाची भाकरी मोजून मिळायची.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि चित्र पालटलं. लंडनमध्ये आसरा घेतलेल्या पोलिश सरकारशी मॉस्कोने ३० जुलैला करार केला आणि ऑगस्टमध्ये या लोकांना माफी जाहीर केली. गुन्हा कुणी केलाच नव्हता, तरी कागदावर शब्द माफीचाच होता. पण त्या कागदाने पाय मोकळे झाले. जनरल व्लादिस्लाव्ह अँडर्स रशियाच्या दक्षिणेला पोलिश सैन्य उभं करत आहेत, ही बातमी छावण्या-छावण्यांत पोचली आणि माणसं तिकडे निघाली. मिळेल त्या गाडीने, बर्फातून, उपाशी, ताप अंगावर काढत. १९४२ च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोव्होद्स्क बंदरातून कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाख पंधरा हजारांच्या आसपास पोलिश माणसं इराणच्या पहलवी बंदरात, म्हणजे आजच्या अंझलीत, उतरली. त्यांतली जवळपास एक तृतीयांश माणसं सैनिक नव्हती. ती बायका, म्हातारी माणसं आणि पोरं होती. सुटका झाल्यावरही कित्येक जण टायफस आणि हगवणीने गेले. तेहरानच्या दौलाब स्मशानभूमीत त्यांच्या कबरींच्या रांगा आहेत.

एवढी पोरं ठेवायची कुठे, हा प्रश्न लंडन आणि दिल्लीच्या टेबलांवर फिरत असताना सर्वांत आधी ठोस हात पुढे केला तो नवानगरच्या जामसाहेबांनी. हे जामसाहेब, दिग्विजयसिंहजी, तेव्हा संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचे प्रमुख होते. प्रसिद्ध पोलिश पियानोवादक आणि एके काळचे पंतप्रधान इग्नात्सी पाडेरेव्स्की यांची त्यांची तरुणपणापासून ओळख होती. पोलंड हा देश त्यांना नकाशापुरता माहीत नव्हता. जामनगरपासून जवळच, बालाचडीच्या समुद्रकाठी, त्यांनी अनाथ पोलिश मुलांसाठी जागा दिली. पहिली तुकडी ट्रकमधून मशहद, झाहिदान, क्वेट्टा असा हजारो किलोमीटरचा प्रवास करून १९४२ च्या एप्रिलमध्ये मुंबईत पोचली. बालाचडीच्या बराकी तयार होईपर्यंत काही महिने ही मुलं वांद्र्याला राहिली. मुलं जामसाहेबांना ‘बापू’ म्हणत, आणि ते शब्दाला जागले.

बालाचडीची गोष्ट अलीकडे बरीच सांगितली जाते, कारण तिला एक नायक आहे. राजा आणि अनाथ मुलं, असं तिचं स्वरूपच कथेचं आहे. वळिवड्याला तसा एक नायक नाही, आणि मला ती त्यामुळेच अधिक जवळची वाटते.

कोल्हापूरच्या राजघराण्याने या पाहुण्यांना आसरा दिला, असं आज भाषणांत म्हटलं जातं. जमीन कोल्हापूर संस्थानातली होती, हे खरंच. पण १९४३ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर वयात आलेला राजा नव्हता. राजाराम महाराजांचं १९४० च्या नोव्हेंबरमध्ये निधन झालं होतं, दत्तक छत्रपती अगदी लहान होते आणि कारभार राजप्रतिनिधींच्या हाती होता. छावणी काढायचं ठरलं ते ब्रिटिश हिंदुस्थान सरकार आणि लंडनमधलं पोलिश सरकार यांच्यात. खर्चाचा भार पोलिश सरकारने उचलला. म्हणजे हिशोबाच्या वहीत पाहिलं, तर कोल्हापूरने वळिवड्याच्या लोकांना फुकट पोसलं असं म्हणता येणार नाही. तरीही ती माणसं जन्मभर कोल्हापूरचं नाव काढत राहिली. पैसे भरून मिळत नाही असं काहीतरी त्यांना इथे मिळालं असलं पाहिजे. ते काय होतं, ते छावणीच्या रोजच्या व्यवहारात सापडतं.

मिरजेहून कोल्हापूरकडे येणाऱ्या लोहमार्गावर, शहर आठ-दहा किलोमीटरवर असताना, वळिवडे लागतं. १९४३ च्या मध्यापासून इथे गाड्या भरभरून पोलिश कुटुंबं उतरू लागली. ती इराणमधून कराचीला आणि तिथून इकडे आली होती. बघता बघता पाच हजारांच्या आसपास माणसांचं गाव वसलं. ओळीने कौलारू बराकी, त्यांचे वेगवेगळे विभाग, मधून रस्ते. चर्च, दवाखाना, अनाथालय, नाट्यगृह, टपाल कार्यालय, अग्निशामक दल, प्राथमिक शाळांपासून माध्यमिक आणि उच्च माध्यमिकपर्यंतची शाळा. छावणीचा कारभार पोलिश अधिकाऱ्यांकडे होता आणि व्लादिस्लाव्ह यागिएवोविच हे कॅप्टन तिचे प्रमुख होते. मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत एउगेनिउश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी या सगळ्यांमागे भक्कम उभं राहून काम केलं. किराबाई पोलिश रेडक्रॉसच्या वतीने धावपळ करत. युद्धानंतर त्या भारतातच राहिल्या आणि हैदराबादेत त्यांनी पुढचं आयुष्य काढलं.

या गावात धडधाकट पुरुष जवळजवळ नव्हतेच. ते अँडर्सच्या सैन्यात होते, किंवा रशियातच कुठे मातीत गेले होते. मोठी होत आलेली पोरंही वय भरताच सैन्यात जात. उरत त्या आया, आज्या आणि लेकरं.

आता मला जे महत्त्वाचं वाटतं ते. निर्वासितांच्या छावणीत बहुतेक वेळा एक मोठा भटारखाना असतो. ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, वाढतील ते खायचं. वळिवड्यात कुटुंबांना बराकीत स्वतंत्र खोल्या आणि स्वतःची चूल मिळाली. हातात दरमहा भत्त्याचे पैसे मिळत आणि बाई बाजारात जाऊन काय घ्यायचं ते स्वतः ठरवत असे. आसपासच्या गावांतले भाजीवाले, दूधवाले, अंडी-कोंबड्या विकणारे छावणीत येत. बाजारातल्या विक्रेत्यांनी व्यवहारापुरती पोलिश बोली उचलली होती, हे तिथे वाढलेल्यांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. कझाकस्तानात जी बाई मोजून दिलेल्या भाकरीवर जगली, जिला गेली तीन वर्षं कुणीतरी उचललं, कुठेतरी टाकलं, कुठेतरी हलवलं, तीच बाई आता वळिवड्याच्या बाजारात टोमॅटो हातात घेऊन दाबून बघते, नाक मुरडते, पुढच्या टोपलीकडे जाते. समोरची भाजीवाली तिची कीव करत नाही, तिच्याशी घासाघीस करते. घेणाऱ्याला लाचार करणारं देणं आणि घेणाऱ्याला पुन्हा घरधनीण करणारं देणं यांत मोठं अंतर आहे. लाचारीतून आलेले आभार तोंडावरचे असतात आणि मागे मनात कडवटपणा ठेवून जातात. जिथे मान राहिला, तिथले आभार टिकतात. वळिवड्याच्या माणसांनी जन्मभर धरून ठेवलेली कृतज्ञता मला या दुसऱ्या जातीची वाटते, आणि तिचं श्रेय जितकं छावणीच्या व्यवस्थेला, तितकंच त्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायामाणसांना आहे.

कोल्हापूरच्या बाजूनेही यात एक नवलाई होती. इथल्या माणसाने तोवर पाहिलेला गोरा म्हणजे साहेब. घोड्यावरचा, मोटारीतला, हुकूम सोडणारा. आणि आता इथे गोऱ्या बायका स्वतःचे कपडे स्वतः धूत होत्या, अंगण झाडत होत्या, बराकीसमोर फुलझाडं लावत होत्या. त्यांची पोरं अनवाणी हुंदडत होती, पंचगंगेत डुंबत होती. साहेबाच्या रंगाची ही माणसं आपल्याइतकीच, किंबहुना आपल्याहून जास्त, नाडलेली आहेत, हे खेड्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज पडली नसणार.

ते दिवसही सुखाचे नव्हते. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचं साल. तिकडे माणसं लाखांनी मरत होती, इकडे धान्याची टंचाई आणि रेशनिंग. शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव न्यायदान करत होतं आणि पोलीस त्यांच्या मागावर होते. कोल्हापूर संस्थानात प्रजा परिषद जबाबदार राज्यपद्धती मागत होती. स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या मुलखात, ज्याच्याशी झगडा चालू होता त्याच सरकारने परक्या देशाची पाच हजार माणसं आणून वसवली, आणि त्याबाबत इथल्या जनतेला कुणी काही विचारलं नाही. लोकांनी मनात राग धरला असता तर तो समजण्यासारखा होता. त्या लोकांच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे आलेल्या माणसाशी कसं वागायचं. ते चांगले वागले.

कोल्हापूरला बाहेरच्या पोरांची सवय होती, हेही यामागे असावं असं मला वाटतं. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या आणि धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी करवली. गावोगावची मुलं शिकायला यायची, बोर्डिंगात राहायची. आपल्या आईपासून दूर राहून शिकणारं पोर हे कोल्हापूरकराला ओळखीचं दृश्य होतं. वळिवड्याची पोरं शाळेचं दप्तर घेऊन दिसू लागली, तेव्हा ती फार परकी वाटली नसतील.

आणि ती शिकत होती, जीव तोडून. रशियात त्यांची दोन-तीन वर्षं वाया गेली होती. पाठ्यपुस्तकांचा तुटवडा, शिक्षकांचा तुटवडा, तरी वर्ग भरत आणि शालान्त परीक्षा होत. बालवीर आणि वीरबालांची पथकं जोरात होती. त्यांना शिकवायला आलेल्यांत झ्दिस्वाव्ह पेश्कोव्स्की होते. रशियात युद्धकैदी झालेल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांना कातीनच्या कत्तलीत ठार केलं गेलं, त्यांतून वाचलेल्या मोजक्यांपैकी ते एक. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातीनच्या मृतांच्या स्मृतीसाठी त्यांनी आयुष्य वेचलं. छातीच्या विकाराची शंका असलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवलं जाई. सगळे वाचले नाहीत. कोल्हापूरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत पोलिश कबरी आहेत, आणि अलीकडच्या काळात पोलिश दूतावासाने त्यांची डागडुजी करून घेतली आहे.

मुलं इथे शाळेत असताना त्यांचे बाप आणि भाऊ इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये पोलिश सैन्याने माँटे कॅसिनोचा मठ घेतला, तेव्हा त्या बातमीने वळिवड्यात किती घरं उजळली आणि किती विझली असतील. याच इटलीत मराठी मुलखाची पोरंही होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, जुलै १९४४ मध्ये तिबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवरच्या लढाईत नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून ओढून आणलं आणि तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. त्याच दिवशी, त्याच नदीवर, शेजारच्या आघाडीवर पोलिश सैन्यही पलीकडे उतरत होतं. कोल्हापूरच्या रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन बाया, एक नऊवारीतली आणि एक झग्यातली, कदाचित एकाच नदीकाठच्या पत्राची वाट पाहत होत्या. आपल्याकडे वळिवड्याबद्दल लिहिताना हा धागा सहसा कुणी उचलत नाही, म्हणून तो इथे मुद्दाम नोंदवतो.

युद्ध जिंकलं आणि ही माणसं मात्र हरली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावं आता सोव्हिएत संघात गेली. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन वॉर्सातल्या कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालच्या सरकारला दिली. ज्यांच्या नावावर भत्ता येत होता ते सरकारच कागदावरून पुसलं गेलं. छावणीचा खर्च पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेने उचलला. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि तिथली मुलंही वळिवड्याला आली.

नव्या सरकारचा आग्रह, परत या. ज्यांनी सैबेरिया पाहिला होता त्यांना परत जायचं म्हणजे कुठे जायचं, हेच कळत नव्हतं. थोडे परतले. ज्यांचे बाप-नवरे इंग्लंडमध्ये सैन्यातून सुटले होते, त्यांना १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्यामुळे तिकडे जाता आलं. बरेच जण पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका आणि युगांडामधल्या पोलिश वसाहतींत गेले आणि तिथून आणखी पुढे. कुणी ऑस्ट्रेलिया, कुणी कॅनडा, कुणी अमेरिका गाठली. काही मुलींनी इथेच लग्नं केली आणि त्या मराठी घरांत सुना म्हणून नांदल्या. ऑगस्ट १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला तो दिवस वळिवड्याच्या उरलेल्या रहिवाशांनी इथेच पाहिला. त्यांचा देश पारतंत्र्यात चालला होता आणि त्यांना आसरा देणारा देश मोकळा होत होता.

आता त्या पन्नास वर्षांकडे येतो. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट असेपर्यंत पूर्वेकडच्या हद्दपारीबद्दल उघड बोलता येत नव्हतं. सोव्हिएत संघ हा मुक्तिदाता मित्र, हीच अधिकृत गोष्ट होती. भारताचे आभार मानायचे तर आधी सांगावं लागणार, आम्ही भारतात का गेलो. तिथपर्यंत पोचलं की सैबेरिया आला, मालगाडीचे डबे आले, कातीन आलं. त्यामुळे पोलंडमध्ये राहिलेल्यांनी वळिवडे घरातच ठेवलं. मुलाबाळांना रात्री सांगण्यापुरतं. परदेशी गेलेल्यांना बोलायची मुभा होती, पण ती विखुरलेली, पोटापाण्याला लागलेली, ज्यांना स्वतःचा देश उरला नाही अशी माणसं होती. एखाद्या देशाचे आभार देशाच्या वतीने मानायचे, तर आपलाही एक देश हातात असावा लागतो. माणसाच्या कृतज्ञतेलाही राजकारणाची इतकी परवानगी लागते, हे मला या गोष्टीने शिकवलं.

१९८९ मध्ये राजवट बदलली आणि दार उघडलं. त्यानंतर जे झालं ते साचलेलं पाणी मोकळं व्हावं तसं झालं. वॉर्सातल्या एका शाळेने जामसाहेबांना आपला मानद आश्रयदाता मानलं. जामसाहेब १९६६ मध्येच वारले होते, पण वॉर्सात एका चौकाला ‘भल्या महाराजांचा चौक’ असं नाव मिळालं आणि पोलंडने त्यांना मरणोत्तर सन्मान दिला. १९९८ मध्ये महावीर उद्यानातला स्तंभ झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये, ऐंशी-नव्वदीत पोचलेली ती पूर्वीची मुलं पुन्हा कोल्हापूरला आली. वळिवड्यातही स्मृतिस्तंभ उभा राहिला. वॉर्सात वळिवडे-कोल्हापूरच्या आठवणीचं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या अशा दोन्ही स्मारकांवर पुष्पचक्रं वाहिली. आपल्याकडच्या अनेकांनी वळिवड्याचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. २०२२ मध्ये युक्रेनमधून लाखो माणसं सीमा ओलांडून पोलंडमध्ये शिरली, तेव्हा सामान्य पोलिश कुटुंबांनी त्यांना आपल्या घरात घेतलं. त्या लोंढ्यात भारतीय विद्यार्थी होते, महाराष्ट्रातलीही मुलं होती. पोलंडच्या हद्दीत शिरून, झेशुफच्या विमानतळावरून ती घरी परतली. घेतलेलं ज्याने दिलं त्यालाच परत जातं असं नाही, ते पुढच्या गरजवंताकडे जातं.

असं पुढे जाणं वळिवड्याच्या काळातच एका बाईच्या आयुष्यात दिसतं. वान्दा दिनोव्स्का ही थिऑसॉफीच्या ओढीने १९३० च्या दशकात भारतात आलेली पोलिश लेखिका. गांधीजींनी तिला उमादेवी हे नाव दिलं. निर्वासित पोलिश लोक इथे आले तेव्हा ती त्यांच्यात मिसळली, मुलांना भारत समजावून सांगू लागली, आणि भारतीय ग्रंथ पोलिश भाषेत आणण्यासाठी तिने ग्रंथमाला चालवली. या कामात तिचा सोबती होता मॉरिस फ्रीडमन, वॉर्सात जन्मलेला ज्यू अभियंता. हा तोच फ्रीडमन, ज्याने औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या काळात लोकराज्याची घटना आणि आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची मुक्त कैद्यांची वसाहत यांत मोठा वाटा उचलला. त्याच वसाहतीवरून व्ही. शांताराम यांना ‘दो आँखें बारह हाथ’ सुचला. पुढे मुंबईत खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणून त्याने जगभर पोचवली. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले तेव्हा ही दोघं त्यांच्या मदतीला धावली. उमादेवी अखेरपर्यंत तिबेट्यांतच राहिल्या. १९७१ मध्ये म्हैसूरला त्यांचं निधन झालं आणि तिबेटी लोकांनी त्यांना बैलकुप्प्यात दफन केलं.

वळिवड्याच्या बराकींचं काय झालं, हेही सांगायलाच हवं, कारण तिथे दुसरी गोष्ट लगेच सुरू झाली. पोलिश लोक निघाले आणि त्यांच्या जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं आली. ज्या कराचीतून पोलिश पोरं कोल्हापूरला आली होती, त्याच बाजूने ही माणसं आली. सामान कमी, आणि मागे घरदार कायमचं गेलेलं. त्या वस्तीचं नाव गांधीनगर झालं. आज घाऊक कापडासाठी कोल्हापूर-सांगली-बेळगावपासून कोकणापर्यंतचे दुकानदार तिथे येतात, आणि दसरा-दिवाळीच्या आधी तिथल्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. तिथे गठ्ठा बांधून घेणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की एकाच जमिनीवर पाठोपाठ दोन उद्ध्वस्त समाज उभे राहिले? सिंध्यांना भत्ता देणारं कुठलं परदेशी सरकार नव्हतं. त्यांनी फेरी मारून, खांद्यावर कापडाचे तागे घेऊन गावोगाव हिंडून बस्तान बसवलं. त्यांच्या कष्टाचं कौतुक होतं. पण त्यांना उधारीवर माल देणाऱ्या, घरात ओटीवर बसवून पाणी देणाऱ्या मराठी माणसांबद्दल कुणी लिहिलेलं नाही, आणि ज्या भूमीवर ते आले तिथला इतिहास त्यांनाही कुणी सांगितला नाही.

पोलिश लोकांनी आपला ग्रंथ केला. नकाशे काढले, शाळेच्या हजेऱ्या जमवल्या, कुठल्या बराकीत कोण होतं ते लिहून ठेवलं. त्यात कोल्हापूर आहे, पण कोल्हापूरची माणसं बहुतेक नावाविना आहेत. दूधवाला, टांगेवाला, धोबी, भाजीवाली. मुलांनी त्यांना त्या नावांनीच ओळखलं, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांची खरी नावं वळिवडे, उचगाव, रुकडी आणि शेजारच्या गावांत घराघरांत असतील. कुणाच्या आजीने पोलिश बाईला चटणीची सवय लावली असेल, कुणाचे आजोबा मोजक्या पोलिश शब्दांत हिशोब करत असतील, कुणाच्या फळीवर अजून एखादी तिकडची बरणी असेल. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे काम एका उन्हाळ्यात सुरू करता येईल. वह्या घ्याव्यात, गावं वाटून घ्यावीत, सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करावी, आणि गांधीनगरच्या सिंधी घरांनाही त्यातून वगळू नये. तिकडच्यांनी आपला अर्धा भाग लिहून पाठवला आहे. इकडचा अर्धा अजून कोरा आहे, आणि तो भरून देऊ शकतील अशी माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.